खांद्याचं बघू, आधी डोक्याचं सांगा

प्रश्न : आम्ही कॅनडात, ऑन्टारिओत राहतो. आमचा मुलगा १७ वर्षांचा आहे. लहानपणापासून आइस हॉकी खेळतो, सध्या अठरा वर्षांखालच्या संघात बचावफळीत आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका सामन्यात त्याला जोरात चेक (अंगाचा धक्का) बसला आणि तो खांद्यावर रिंकच्या कडेच्या बोर्डला आपटला. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही. कॉलरबोनच्या टोकाचा सांधा दुखावलाय, लिगामेंट थोडं फाटलंय, दुखापत दुसऱ्या ग्रेडची आहे असं डॉक्टर म्हणाले. काही दिवस हात झोळीत होता, आता फिजिओथेरपी चालू आहे. त्या रात्री त्याचं डोकंही दुखत होतं, पुढचे दोन-तीन दिवस वर्गातल्या दिव्यांचा त्रास होतो म्हणत होता, पण ते आपोआप थांबलं.

दहा-बारा दिवसांवर प्लेऑफची (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांची) उपांत्य फेरी आहे. त्याला खेळायचंच आहे. या सामन्यांना ज्युनियर संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, येतात. “प्लेऑफमध्ये शंभर टक्के फिट कुणीच नसतं,” हे त्याचं पालुपद. यांचं म्हणणं, खेळू दे. मोडक्या पायावर गोल मारणाऱ्या बॉबी बॉनची गोष्ट त्याला यांनीच लहानपणी सांगितली आहे. कोच म्हणतात, “निर्णय तुमचा.” घरात मी एकटीच नको म्हणणारी, म्हणून मीच भित्री ठरले आहे. मी अडवू का?

— एक हॉकीवाली आई

उत्तर :

तुमचं पत्र निकडीचं होतं, म्हणून दोन ओळींचं उत्तर मेलवर आधीच पाठवलं. त्या दोन ओळी खांद्याबद्दल नव्हत्या. तुमच्या पत्रात डोकेदुखीचं एक वाक्य आहे, खांदा आणि फिजिओथेरपी यांच्या मागून सहज आलेलं. मी ते वाचून तिथेच थांबले.

बोर्डवर जोरात आपटलेला मुलगा, त्याच रात्री डोकेदुखी, नंतर दोन-तीन दिवस उजेड सहन न होणं. हे कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदूला झालेली इजा, असू शकतं. होतंच असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही, आणि डॉक्टर असते तरी पत्रावरून सांगितलं नसतं. पण तुमच्या मजकुरावरून असं दिसतं की तपासलं कुणीच नाही. खांद्याचं दुखणं मोठं होतं, एक्स-रे खांद्याचा निघाला, सगळ्यांचं लक्ष झोळीकडे गेलं. हे नेहमी होतं. ठणकणाऱ्या सांध्यापुढे डोक्याची कुरकुर कुणाला ऐकू येत नाही. आणि कन्कशन व्हायला डोकं थेट आपटावं लागतं असंही नाही. अंगाला बसलेल्या धक्क्याने मान झटक्यात हलली तरी पुरतं.

म्हणून तुमचा प्रश्न मी दोन तुकड्यांत तोडते. खांदा घेऊन खेळावं का, यावर वाद घालता येतो; त्यात तुमच्या मुलाच्या मताला वजन आहे, आणि माझं उत्तर कदाचित तुम्हाला आवडणारही नाही. डोक्याच्या बाबतीत मात्र घरात मतदान घ्यायचं नाही.

तुम्ही ऑन्टारिओत आहात, त्यामुळे इथे तुमच्या बाजूला कायदाही आहे. २०१३ मध्ये ऑटवाजवळची रोवन स्ट्रिंगर ही मुलगी शाळेच्या रग्बी सामन्यात पडली आणि काही दिवसांनी गेली. वय तुमच्या मुलाएवढंच, १७. संघाची कर्णधार होती. त्याआधीच्या काही दिवसांत तिच्या डोक्याला मार लागला होता, तो बरा व्हायच्या आत पुन्हा लागला. आपल्याला कन्कशन झालं असावं अशी शंका तिने मैत्रिणींजवळ बोलून दाखवली होती. मोठ्यांपर्यंत ती पोचली नाही. २०१५ मध्ये मृत्यूची जाहीर चौकशी झाली, तिच्यातून ४९ शिफारशी निघाल्या आणि २०१८ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला, रोवन्स लॉ. तुम्ही दरवर्षी नोंदणीच्या वेळी कन्कशनची माहिती वाचल्याची जी पोच देता, ती त्यामुळेच. (आपण सगळे ती कशी ‘वाचतो’, ते मला माहीत आहे.) त्या पोचेमागचा नियम साधा आहे. कन्कशनची नुसती शंका आली तरी खेळाडू लगेच बाहेर, आणि डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर यांनी मोकळं केल्याशिवाय पूर्ण सराव नाही, सामना नाही.

तेव्हा तुमच्या कोचचं “निर्णय तुमचा” हे वाक्य या बाबतीत लागूच होत नाही. निर्णय तुमचा नाही, त्यांचा नाही, मुलाचाही नाही. कदाचित त्या दिव्यांच्या त्रासाबद्दल कोचना कुणी सांगितलंच नसेल. मग त्यांना दोष देता येणार नाही, पण आता सांगावं लागेल.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा “खांदा दाखवायला आलो” असं म्हणू नका. “तीन आठवड्यांपूर्वी आपटल्यावर ही-ही लक्षणं होती, तेव्हा तपासली गेली नाहीत” असं सरळ सांगा. मुलाला तुमच्यासमोर आणि तुमच्याशिवाय, दोन्ही प्रकारे बोलू द्या. घरी विचारताना “आता बरं आहे ना?” हा प्रश्न बाद. १७ वर्षांच्या खेळाडूकडे त्याचं एकच उत्तर असतं आणि ते तुम्हाला मिळालेलंच आहे. त्यापेक्षा विचारा, गणिताच्या तासाला फळ्याकडे बघून वहीत बघताना गरगरतं का? रात्री झोप कशी लागते? जिना पळत चढल्यावर डोकं ठणकतं का? फोन किती वेळ बघवतो? शिवाय गेल्या तीन आठवड्यांत तो घरात चिडचिडा झालाय का, हे त्याला विचारूच नका, ते तुम्हाला माहीत असेल.

समजा सगळं नीट निघालं. तीन आठवडे झालेत, लक्षणं खरोखरच गेली असतील तर ते अगदी शक्य आहे. तरीही थेट उपांत्य फेरीत उडी नाही. परतीच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत : रोजची हलकी हालचाल, मग हलका-मध्यम व्यायाम, मग एकट्याने स्केटिंग, मग धक्काबुक्की नसलेला सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. लक्षणं पुन्हा डोकावली तर थांबायचं, मागे यायचं. फिजिओथेरपी करताना तो सायकल मारत असेल तर पहिल्या एक-दोन पायऱ्या नकळत झाल्याही असतील. ते डॉक्टर ठरवतील. दहा-बारा दिवसांचं गणित जुळू शकतं. जुळेलच असं नाही. त्याला दोन्ही आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे आदल्या रात्री घरात रडारड नको.

आता बॉबी बॉन. तुमच्या यजमानांनी गोष्ट खरीच सांगितली आहे. १९६४, एनएचएल या व्यावसायिक लीगच्या स्टॅन्ली कपची अंतिम फेरी, सहावा सामना, टोरोंटो मेपल लीफ्स डेट्रॉइटच्या मागे. गॉर्डी हाऊचा फटका बॉनच्या पायावर बसला, त्याला स्ट्रेचरवरून नेलं. घोट्यावर बधिर करणारं इंजेक्शन आणि चिकटपट्ट्या लावून तो परतला आणि ओव्हरटाइममध्ये गोल मारून सामना जिंकून दिला. सातवा सामनाही खेळला, लीफ्सनी कप उचलला. एक्स-रे त्याने त्यानंतर काढू दिला, तेव्हा हाड मोडल्याचं नक्की झालं. साठ वर्षं झाली, टोरोंटोत ही गोष्ट अजून सांगतात. लीफ्सचा शेवटचा कप १९६७ सालचा, त्यामुळे तिथे जुन्या गोष्टींना मागणी असणारच.

पण याच जातीच्या दुसऱ्या गोष्टीही घरात सांगायला हव्या होत्या. २०१३ च्या अंतिम फेरीत बॉस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन सहावा सामना खेळला तेव्हा त्याची बरगडी मोडली होती, बरगडीजवळची कूर्चा फाटली होती, खांद्याचा सांधा सुटला होता. सामन्यानंतर इस्पितळात कळलं की फुप्फुसालाही छिद्र पडलंय. बॉस्टनने त्या सामन्यात सव्वा मिनिट उरलेलं असताना आघाडी घालवली, १७ सेकंदांत दोन गोल खाल्ले आणि कप शिकागोला गेला. २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या मॅथ्यू ट्काचुकचं छातीचं मधलं हाड तिसऱ्या सामन्यात मोडलं. चौथा सामना तो तसाच खेळला, हरले. पाचव्यात त्याला उतरताच आलं नाही, आणि व्हेगासने तो सामना ९-३ ने जिंकून कप नेला. २००३ मध्ये अनाहाइमचा पॉल कारिया, आणि ही गोष्ट तर तुमच्या मुलाने बघावीच, स्कॉट स्टीव्हन्सच्या धडकेनंतर बर्फावर निपचित पडला. काही मिनिटांत परत आला आणि गोल केला. स्टेडियम वेडं झालं होतं. सामना जिंकले, मालिका पुढच्या सामन्यात हरले. कारियाची कारकीर्द पुढे कन्कशनमुळेच आटोपली, २०११ मध्ये त्याने खेळ सोडला. तो गोल अजूनही थरारक क्षणांच्या यादीत दाखवतात. मला तो बघवत नाही.

बॉन मूर्ख होता असं मला म्हणायचं नाही. गोष्ट टिकते ती जिंकल्यावर. दुखापत घेऊन उतरलेले आणि हरलेले खेळाडू दर वर्षी असतात. मोसम संपला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संघ यादी जाहीर करतो, कुणाचा पाय, कुणाची बरगडी, आणि तोवर बघणारे दुसरीकडे वळलेले असतात.

त्यांचा आणि तुमच्या मुलाचा हिशोबही वेगळा आहे. एनएचएलमध्ये कपपर्यंत जायला चार फेऱ्या, प्रत्येकी सातपैकी चार विजय, म्हणजे १६ सामने जिंकायचे. दोन महिने चालतं हे सगळं. गंमत म्हणजे त्या दोन महिन्यांचा नेहमीचा पगार खेळाडूंना नसतो, पगार साखळी मोसमाचा असतो आणि प्लेऑफला बोनसचा वेगळा निधी. म्हणजे ते पैशांसाठी हाडं मोडून घेत नाहीत, कपसाठी घेतात, हे मान्य करायलाच हवं. पण त्यांच्यामागे संघाचे डॉक्टर असतात, शस्त्रक्रिया ठरलेली असते, पुढच्या वर्षाचा करार असतो, आणि मुख्य म्हणजे ती वाढ पूर्ण झालेली, जाणती माणसं असतात. गॅब्रिएल लॅंडेस्कॉग दुखऱ्या गुडघ्यावर २०२२ ची प्लेऑफ खेळला, कोलोरॅडोचा कर्णधार म्हणून कप उचलला, आणि त्यानंतरचा त्याचा पुढचा एनएचएल सामना १०३२ दिवसांनी झाला. मध्ये तीन पूर्ण साखळी मोसम गेले, गुडघ्यात कूर्चेचं रोपण झालं. सौदा बरोबर होता की नाही, ते त्याने ठरवायचं. त्याच्या हाती कप तरी होता. तुमच्या मुलाच्या हाती उपांत्य फेरीचा एक सामना आहे आणि पुढे कॉलेजची, ज्युनियरची सगळी वर्षं आहेत.

तरीही, डोकं मोकळं झालं तर खांद्यासाठी मी त्याला सरसकट अडवणार नाही. तुम्हीही अडवू नये असं मला वाटतं. इथे तुमचे यजमान थोडे बरोबर आहेत, हे त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल. कॉलरबोनच्या टोकाच्या सांध्याची दुसऱ्या ग्रेडची दुखापत साधारण काही आठवड्यांत खेळण्याइतकी सुधारते. पाचव्या आठवड्यात खेळणं हा वेडेपणा नाही. वेदना सहन करायची की नाही, हा त्याच्या शरीराचा प्रश्न आहे आणि १७ हे त्यावर स्वतः विचार करायचं वय आहे. “आई नाही म्हणाली” एवढ्यावर तो बाहेर बसला तर पुढची दुखापत तो तुमच्यापासून लपवेल. रोवनची आठवण मी वर उगीच काढली नाही.

फक्त दुखतं का, यापेक्षा वेगळा प्रश्न त्याला विचारा : तुझं काम तुला करता येतं का? तो बचावपटू आहे. कोपऱ्यात पकसाठी (खेळाच्या चकतीसाठी) बोर्डलगत झटायचं, समोरच्याला खांद्याने दाबायचं, आणि दर वेळी मार खायचा. हात डोक्याच्या वर पूर्ण जातो का, दोन्ही बाजूंचा जोर जवळपास सारखा आहे का, जोराचा फटका मारता येतो का, त्या खांद्यावर पडला तर चालेल का? हे फिजिओने मोजायचं, आणि मग सरावात, पूर्ण धक्काबुक्कीच्या सरावात, बघायचं. पहिली कसोटी सामन्यात नको. आणि त्या सरावाआधी वेदनाशामक गोळी नको. गोळी घेऊन पास झालेली परीक्षा गोळीची असते.

याचं खरं कारण खांदा पुन्हा दुखेल एवढंच नाही. एक खांदा जपणारा खेळाडू बोर्डजवळ काय करतो, ते कधी नीट बघा. धक्का येतोय असं वाटलं की तो दुखरी बाजू लपवायला अंग फिरवतो, आणि पाठ समोरच्याकडे करतो. हॉकीत सगळ्यांत वाईट धडक तीच, मागून, तोंड बोर्डकडे असताना. मान आणि डोकं त्यात जातं. दुखऱ्या खांद्याची भीती मला त्याच्या डोक्यासाठी आहे. सरावात कोचनी किंवा ट्रेनरनी हे एकच बघितलं तरी पुरे : तो धक्का अंगावर घेतोय की पाठ फिरवतोय? फिरवत असेल तर नाही खेळायचं, मग फिजिओचे आकडे काहीही म्हणोत.

एनएचएलचे संघ दुखापत नेमकी कुठे आहे ते सांगत नाहीत, “अप्पर बॉडी”, “लोअर बॉडी” एवढंच सांगतात, कारण समोरचा संघ तिथेच मारेल. तुमच्या मुलाच्या बाबतीत ती सोय नाही. हात झोळीत घेऊन तो रिंकवर बसलेला सगळ्यांनी पाहिलाय.

स्काउटांचा मुद्दा मला हसवून गेला, रागावू नका. स्काउट येणार म्हणून एका खांद्याने खेळायचं, म्हणजे स्काउटला एका खांद्याचा बचावपटू दाखवायचा. तो वहीत काय लिहील? उशिरा वळतो, कोपऱ्यात मागे राहतो, धक्का टाळतो. दुखापतीचं कारण तो लिहीलच असं नाही. ज्युनियर संघांचे लोक एका सामन्यावर मुलं निवडत नाहीत. मोसमभराचे सामने, कोचचं मत, चित्रफिती बघतात. कोचनी त्यांना फोन करून “हा जखमी आहे, आधीचे सामने बघा” एवढं सांगितलं तर मुलाचं काही बिघडत नाही. हे काम कोचना जरूर द्या. “निर्णय तुमचा” म्हणून मोकळं होण्यापेक्षा ते उपयोगाचं आहे.

पूर्ण सामना की काहीच नाही, असंही नसतं. २०२० मध्ये टॅम्पा बेचा कर्णधार स्टीव्हन स्टॅमकोस शस्त्रक्रियेनंतर अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात परतला, २ मिनिटं ४७ सेकंद खेळला, एक गोल मारला, आणि शरीर साथ देत नाही हे कळल्यावर पुढे उतरला नाही. टॅम्पाने कप जिंकला. मुलगा उतरला तर पहिल्या पिरियडनंतर ट्रेनरने त्याला बघायचं आणि ट्रेनर “बस” म्हणाला तर बसायचं, हे आधी ठरलेलं असू द्या, चारचौघांत, कोचसमोर. ओव्हरटाइम चालू असताना हा निर्णय कुणालाच घेता येत नाही, तुमच्या यजमानांना तर नाहीच.

त्यांच्याशी भांडू नका. त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या. “खेळू दे” म्हणणाऱ्या माणसाने तपासणीच्या खोलीत बसून उजेडाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर स्वतः ऐकावं. तुम्ही भित्र्या नाही; तुम्हाला खटकलेली गोष्ट फक्त तुम्ही कंसात टाकल्यासारखी लिहिलीत. ती आता पहिल्या ओळीत घ्या.

संघाच्या ट्रेनरला मेसेज आजच करा, डोकेदुखी आणि उजेडाच्या त्रासाचे दिवस घालून. मुलाला आधी सांगा आणि मग करा, त्याच्या पाठीमागे नको. तो चिडेल. डॉक्टरांची वेळ या आठवड्यात मिळत नसेल तर वॉक-इन क्लिनिकमध्ये जा, पण कन्कशनची तपासणी करून लेखी देतात का ते आधी फोनवर विचारून घ्या. ते पत्र हातात येईपर्यंत त्याला सरावाला सोडायचं तर बाकावर बसायला.